रॉगचा स्नीक अटॅक आणि साहित्याच्या यादीतली बारीक अक्षरं

डंजन्स अँड ड्रॅगन्स या फासे टाकून भूमिका खेळायच्या खेळाच्या टेबलावर रॉगवरून, म्हणजे चोरट्या, चपळ पात्राच्या क्लासवरून (पात्राच्या प्रकारावरून), होणारे वाद त्या क्लासच्या पानावर क्वचितच सुटतात. ते सुटतात शस्त्रांच्या तक्त्यातल्या शेवटच्या रकान्यात, चिलखताच्या नियमांत आणि 'हातात आत्ता नेमकं काय आहे' या प्रश्नात. फायटरने चुकीचं शस्त्र उचललं तर त्याचे फटक्यामागे एक-दोन पॉइंट जातात. रॉगने चुकीचं शस्त्र उचललं तर त्याचा स्नीक अटॅक, म्हणजे संधी साधून मारलेल्या फटक्याचं जादा डॅमेज (नुकसान), जातो: पाचव्या लेव्हलला ३डी६ (सहा बाजूंचे तीन फासे), म्हणजे सरासरी साडेदहा डॅमेज. एकोणिसाव्या लेव्हलला १०डी६, म्हणजे पस्तीस.

म्हणून रॉगचं साहित्य निवडताना डॅमेजचा फासा सगळ्यात शेवटी बघावा असं माझं ठाम मत आहे. आधी बघायचं ते असं: स्नीक अटॅकच्या अटी शाबूत राहतात का, बोनस अ‍ॅक्शन (टर्नमधली, म्हणजे आपल्या पाळीतली, जादा छोटी कृती) मोकळी राहते का, आणि हात किती अडकतात. खाली मुख्यतः पाचव्या आवृत्तीबद्दल लिहिलं आहे. २०१४ आणि २०२४ चे नियम जिथे वेगळे पडतात तिथे तसं सांगितलं आहे, कारण बऱ्याच ग्रुपमध्ये दोन्ही पुस्तकं एकाच टेबलावर उघडी असतात आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो.

शस्त्र काय म्हणतं

स्नीक अटॅकसाठी शस्त्र एकतर फिनेस (ताकदीऐवजी चपळाईनेही चालवता येणारं) असायला हवं किंवा रेंज्ड वेपन (लांबून मारायचं शस्त्र) असायला हवं. इथे 'रेंज्ड वेपन' आणि 'रेंज्ड अटॅक' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फेकलेली हँडअ‍ॅक्स हा रेंज्ड अटॅक आहे, पण हँडअ‍ॅक्स तक्त्यात मेली वेपन (जवळून मारायचं शस्त्र) म्हणून नोंदलेली आहे आणि तिला फिनेस नाही. त्यामुळे स्नीक अटॅक नाही. फेकलेला डॅगर मात्र चालतो, कारण फेकला तरी तो फिनेस शस्त्रच राहतो. भाला, म्हणजे स्पिअर किंवा जॅव्हलिन, चालत नाही. डार्ट चालतो. साधी गोफण, म्हणजे स्लिंग, चालते, कारण ती रेंज्ड वेपन आहे.

मेली शस्त्रांत फिनेस असलेली मोजकीच आहेत: डॅगर, शॉर्टसोर्ड, रेपिअर, सिमिटार आणि व्हिप. यात २०१४ चा एक जुना सापळा आहे. त्या पुस्तकात रॉगला लाँगसोर्डची प्रोफिशिअन्सी (ती वापरायचं प्रशिक्षण) मिळते, आणि नवा खेळाडू 'क्लासने दिलंय म्हणजे चालत असणार' असं समजून ती घेतो. लाँगसोर्डला फिनेस नाही. ती हातात असेपर्यंत स्नीक अटॅक बंद. उलट सिमिटार आणि व्हिप फिनेस असूनही तेव्हाच्या रॉगला त्यांची प्रोफिशिअन्सी नव्हती. २०२४ ने हे सरळ केलं: सगळी सिंपल शस्त्रं, आणि मार्शल शस्त्रांपैकी फिनेस किंवा लाइट (दोन हातांत दोन धरण्याइतकं हलकं) गुणधर्म असलेली. लाँगसोर्ड गेली, सिमिटार आणि व्हिप आले.

नियमात 'डेक्स्टेरिटी वापरून मारा' (डेक्स्टेरिटी किंवा डेक्स म्हणजे पात्राची चपळाई) असं कुठेही म्हटलेलं नाही. शस्त्र फिनेस असलं की पुरे. अटॅक स्ट्रेंग्थवर मारला तरी स्नीक अटॅक लागतो. फक्त अटॅक आणि डॅमेज दोन्हीला एकच मॉडिफायर (त्या गुणामुळे फाशात मिळणारी भर) लावायचा. त्यामुळे स्ट्रेंग्थवाला, अ‍ॅथलेटिक्समध्ये एक्सपर्टीज (दुप्पट प्रोफिशिअन्सी बोनस) घेतलेला रॉग पूर्णपणे नियमात बसतो, आणि कुस्तीगीर म्हणून तो फार चांगला चालतो.

तसंच, प्रोफिशिअन्सी नसणं ही स्नीक अटॅकची आडकाठी नाही. लाँगबो उचललेल्या रॉगला अटॅक रोलमध्ये प्रोफिशिअन्सी बोनस मिळत नाही, एवढंच. पण कॅरेक्टर हाफलिंग किंवा नोम या बुटक्या वंशांतलं असेल तर २०१४ च्या नियमांत 'हेवी' शस्त्रावर स्मॉल प्राण्यांना दोन फासे टाकून त्यातला कमी घ्यायचा, म्हणजे डिसअ‍ॅडव्हान्टेज आहे, आणि डिसअ‍ॅडव्हान्टेज आलं की स्नीक अटॅक गेला. २०२४ मध्ये हा आकाराचा निकष काढला. तिथे हेवी रेंज्ड शस्त्राला डेक्स १३ आणि हेवी मेलीला स्ट्रेंग्थ १३ लागते, कमी असेल तर डिसअ‍ॅडव्हान्टेज.

बुक्की, लाथ, डोक्यात घातलेली खुर्ची यांवर काही मिळत नाही. अनआर्म्ड स्ट्राइक हे शस्त्र नाही आणि खुर्चीला फिनेस नाही. फायरबोल्टसारखा स्पेलही (मंत्रही) शस्त्र नाही. अर्केन ट्रिकस्टरसाठी, म्हणजे मंत्र येणाऱ्या रॉगच्या उपप्रकारासाठी, शॅडो ब्लेड हा स्पेल मात्र उपयोगी: त्यातून तयार होणाऱ्या पात्याला फिनेस, लाइट आणि थ्रोन (फेकण्याजोगं) हे तिन्ही गुणधर्म आहेत, आणि अंधूक उजेडात किंवा अंधारात त्याने मारताना दोन फाशांतला जास्त घ्यायचा, म्हणजे अ‍ॅडव्हान्टेज मिळतं. बूमिंग ब्लेड हा स्पेलही चालतो, कारण त्यात खऱ्या शस्त्राने अटॅक होतो. त्यात शस्त्र रेपिअर आहे की लाँगसोर्ड, हा प्रश्न परत उरतोच.

डिसअ‍ॅडव्हान्टेज: खरा शत्रू

अट अशी आहे: अ‍ॅडव्हान्टेज असेल तर स्नीक अटॅक, नसेल तर टार्गेटच्या पाच फुटांत आपला कोणीतरी शुद्धीत उभा असावा आणि आपल्याला डिसअ‍ॅडव्हान्टेज नसावं. मित्र जवळ उभा आहे म्हणून स्नीक अटॅक मिळतोच असं धरून चालणारे लोक ही शेवटची अट विसरतात, आणि डिसअ‍ॅडव्हान्टेज बहुतेकदा साहित्यातूनच येतं.

अंतर पहिलं. शॉर्टबो आणि लाइट क्रॉसबो ८०/३२० फूट, हँड क्रॉसबो ३०/१२०, फेकलेला डॅगर २०/६०. पहिल्या आकड्याच्या पलीकडे गेलात की डिसअ‍ॅडव्हान्टेज. डॅगर फेकणाऱ्या रॉगचा खरा पल्ला साठ फूट नसून वीस फूट आहे. पंचवीस फुटांवरच्या टार्गेटवर डॅगर भिरकावला तर मिळणार १डी४ अधिक डेक्स, तेही दोन फाशांतला कमी घेऊन. त्याआधी पाच फूट पुढे सरकायला विसरू नका. हालचाल फुकट असते.

दुसरं, अंगाशी आलेला शत्रू. पाच फुटांत शुद्धीतला शत्रू असेल आणि तो तुम्हाला पाहू शकत असेल तर कुठल्याही रेंज्ड अटॅकला डिसअ‍ॅडव्हान्टेज, मग टार्गेट दुसरंच का असेना. फेकलेला डॅगरही यात येतो. डॅगरची गंमत अशी की तोच डॅगर हातात धरून भोसकला तर डिसअ‍ॅडव्हान्टेज नाही. धनुष्यवाल्या रॉगने कमरेला एक फिनेस शस्त्र ठेवावंच, याचं हे पहिलं कारण.

दुसरं कारण ऑपॉर्च्युनिटी अटॅकचं, म्हणजे जवळून निघून जाणाऱ्या शत्रूवर मिळणाऱ्या फटक्याचं. स्नीक अटॅक एका टर्नमध्ये एकदा मिळतो, एका राऊंडमध्ये (सगळ्यांच्या पाळ्यांच्या एका फेरीत) एकदा नव्हे. म्हणजे आपल्या टर्नमध्ये एकदा, आणि पळणाऱ्या शत्रूवर त्याच्या टर्नमध्ये रिअ‍ॅक्शन वापरून आणखी एकदा. पण ऑपॉर्च्युनिटी अटॅक मेली असतो. हातात नुसता शॉर्टबो असेल तर ही दुसरी संधी वाया जाते, आणि क्लासमधला एवढा मोठा फायदा कित्येक तिरंदाज रॉग कधी वापरतच नाहीत. २०२४ मध्ये व्हिप आल्यापासून हा फायदा दहा फुटांपर्यंत पोचतो. पण तेव्हा शत्रू दहा फुटांच्या बाहेर पडताना अटॅक मिळतो, पाच फुटांच्या नव्हे, आणि त्या क्षणी त्याच्या पाच फुटांत आपला दुसरा माणूस असावा लागतो.

अ‍ॅडव्हान्टेज आणि डिसअ‍ॅडव्हान्टेज दोन्ही एकदम असतील तर ते एकमेकांना खोडतात, कितीही का असेनात. नियमाच्या भाषेत मग तुमच्याकडे दोन्ही नाहीत. मग मित्र पाच फुटांत असेल तर स्नीक अटॅक लागतो. डीएमनी (खेळ चालवणाऱ्या डंजन मास्टरनी) हे लक्षात ठेवावं, कारण 'पण डिसअ‍ॅडव्हान्टेज होतं ना' म्हणून इथे चुकीचा नकार दिला जातो.

चिलखत

प्रोफिशिअन्सी नसलेलं चिलखत घातलं तर स्ट्रेंग्थ किंवा डेक्सवरच्या प्रत्येक अटॅक, चेक (काही जमतं का याचा फासा) आणि सेव्हला (संकट टाळायच्या फाशाला) डिसअ‍ॅडव्हान्टेज. रॉगसाठी याचा अर्थ: स्नीक अटॅक बंद, लपणं कठीण, कुलूप उघडणं कठीण. पहारेकऱ्याचा वेश घेण्यासाठी त्याची चेन मेल अंगावर चढवायची कल्पना छान आहे, पण त्या वेशात मारामारी सुरू झाली तर रॉग जवळजवळ निकामी असतो. साधं चिलखत काढायलाही एक मिनिट लागतं, म्हणजे दहा राऊंड. हेवी काढायला पाच मिनिटं.

ढालीचं दोन आवृत्त्यांत वेगळं आहे. २०१४ मध्ये प्रोफिशिअन्सीशिवाय ढाल घेतली की वरचं सगळं डिसअ‍ॅडव्हान्टेज लागू. २०२४ मध्ये फक्त ढालीचा एसी (आर्मर क्लास, म्हणजे शत्रूला फटका लागायला गाठावा लागणारा आकडा) मिळत नाही, बाकी शिक्षा नाही.

आता ज्यांना प्रोफिशिअन्सी मिळवायची आहे त्यांच्यासाठी हिशेब. स्टडेड लेदर १२ अधिक पूर्ण डेक्स, ४५ जीपी (सोन्याची नाणी), १३ पाउंड. ब्रेस्टप्लेट १४ अधिक डेक्स, पण जास्तीत जास्त २, ४०० जीपी. हाफ प्लेट १५ अधिक जास्तीत जास्त २, ७५० जीपी आणि स्टेल्थला (लपूनछपून वावरण्याला) डिसअ‍ॅडव्हान्टेज. डेक्स १६ असताना एसी अनुक्रमे १५, १६, १७. डेक्स २० झालं की १७, १६, १७. म्हणजे रॉगने डेक्स वाढवायचंच ठरवलं असेल तर मीडियम चिलखतासाठी फीट (पात्राला निवडता येणारी खास क्षमता) किंवा लेव्हल खर्च करणं हा तात्पुरता फायदा आहे. खरा फायदा ढालीचा. फायटरची एक लेव्हल घेतलेला रॉग रेपिअर आणि ढाल घेऊन स्टडेड लेदरमध्ये, डेक्स २० ला, १९ एसीवर उभा राहतो. त्याची किंमत हाताने मोजावी लागते, ते पुढे येईलच.

स्टेल्थचं डिसअ‍ॅडव्हान्टेज सुरुवातीच्या लेव्हलना फार महाग पडतं. स्टेल्थ +७ असलेल्या रॉगला पॅसिव्ह पर्सेप्शन (फासा न टाकता धरलेली शत्रूची सावधता) १४ चुकवायला ७ किंवा जास्त पडावे लागतात: ७० टक्के. डिसअ‍ॅडव्हान्टेजने तेच ४९ टक्के होतं. बूट्स ऑफ एल्व्हनकाइंड हे जादूचे बूट आवाज न करता चालण्यावर अ‍ॅडव्हान्टेज देतात, त्यामुळे ते हाफ प्लेटचा तोटा खोडतात, वर काही देत नाहीत. चिलखत मिथ्रल या हलक्या धातूचं असेल तर तोटाच नसतो.

रिलायबल टॅलेंट हे रॉगचं वैशिष्ट्य मिळाल्यावर मात्र चित्र पालटतं. २०१४ मध्ये हे अकराव्या लेव्हलला येतं, २०२४ मध्ये सातव्या. प्रोफिशिअन्सी असलेल्या चेकवर ९ किंवा कमी पडलं तर ते १० धरायचं. डिसअ‍ॅडव्हान्टेज असलं तरी दोन्ही फाशांतला कमी फासा १० च्या खाली जाऊ शकत नाही. अकराव्या लेव्हलचा रॉग, डेक्स २०, स्टेल्थमध्ये एक्सपर्टीज: ५ अधिक ८, म्हणजे +१३. हाफ प्लेट घालून खडखडत निघाला तरी त्याची स्टेल्थ २३ च्या खाली येत नाही. २०२४ मध्ये लपायला डीसी (फाशाने गाठायचा आकडा) १५ लागतो. सातव्या लेव्हलला डेक्स १८ आणि एक्सपर्टीज असेल तर किमान २०. त्या लेव्हलपासून स्टेल्थसाठी चिलखत नाकारण्याचं कारण नियमांत उरत नाही.

इव्हेजन आणि अनकॅनी डॉज या डॅमेज टाळायच्या रॉगच्या वैशिष्ट्यांना पाचव्या आवृत्तीत चिलखताची अट नाही. तिसऱ्या आवृत्तीपासून खेळणारे डीएम ती सवयीने लावतात.

एक शस्त्र की दोन

हिशेब करून बघू. पाचवी लेव्हल, डेक्स +४, लागण्याची शक्यता ६५ टक्के, क्रिटिकल (फासा कमाल पडल्यावर मिळणारं जादा डॅमेज) बाजूला ठेवू. एकच रेपिअर: ८.५ अधिक १०.५, म्हणजे १९. त्याचे ६५ टक्के १२.३५. दोन शॉर्टसोर्ड: पहिला ७.५, दुसऱ्याला मॉडिफायर नाही म्हणून ३.५, दोन्हींचे ६५ टक्के मिळून ७.१५. दोनपैकी किमान एक लागण्याची शक्यता ८७.७५ टक्के, त्यामुळे स्नीक अटॅकचे ९.२१. एकूण १६.३६. रेपिअरचा मोठा फासा इथे चार पॉइंटने हरतो, कारण दुसरी तलवार म्हणजे स्नीक अटॅकचं दुसरं तिकीट.

पण त्या तिकिटाला बोनस अ‍ॅक्शन जाते, आणि रॉगची बोनस अ‍ॅक्शन म्हणजे कनिंग अ‍ॅक्शन: डॅश, डिसएंगेज, हाइड. दोनदा मारलं तर शत्रूच्या तोंडासमोरून निसटता येत नाही. म्हणून अनुभवी खेळाडू एक साधा क्रम पाळतात: पहिला अटॅक लागला तर बोनस अ‍ॅक्शनने डिसएंगेज करून मागे, चुकला तरच दुसरी तलवार. स्टेडी एम, जो २०२० च्या पुरवणीत पर्याय म्हणून आला आणि २०२४ मध्ये क्लासमध्येच बसला, हीच बोनस अ‍ॅक्शन घेऊन अ‍ॅडव्हान्टेज देतो: रेपिअरचे १९ गुणिले ८७.७५ टक्के, म्हणजे १६.६७. जवळजवळ दोन शॉर्टसोर्डइतकंच. अट एवढीच की त्या टर्नमध्ये हललेलं नसावं आणि नंतर हलता येत नाही. तिरंदाजासाठी ही अट हलकी आहे, मेलीत उभ्या असलेल्यासाठी जीवघेणी.

२०२४ च्या वेपन मास्टरीने हा तिढा बऱ्यापैकी सोडवला. डॅगर आणि सिमिटारला 'निक' आहे: लाइट शस्त्राचा जादा अटॅक बोनस अ‍ॅक्शनऐवजी अटॅक अ‍ॅक्शनमध्येच बसतो. शॉर्टसोर्ड, रेपिअर, शॉर्टबो आणि हँड क्रॉसबोला 'व्हेक्स': लागून डॅमेज झालं की त्याच टार्गेटवरच्या पुढच्या अटॅकला अ‍ॅडव्हान्टेज, आपल्या पुढच्या टर्नच्या शेवटपर्यंत. रॉगला दोन शस्त्रांची मास्टरी मिळते, आणि शॉर्टसोर्ड अधिक सिमिटार ही जोडी स्वाभाविक ठरते. यात एक बारीक गोष्ट निसटते. शॉर्टसोर्ड लागली की व्हेक्सचं अ‍ॅडव्हान्टेज लगेच सिमिटारच्या अटॅकवर खर्च होतं, पुढच्या टर्नला उरत नाही. स्नीक अटॅक पहिल्याच फटक्यात लागून गेला असेल तर ते अ‍ॅडव्हान्टेज साडेतीन पॉइंटच्या फटक्यावर गेलं. एकटा लढणारा रॉग, ज्याच्या टार्गेटजवळ मित्र नाही, त्याने अशा वेळी दुसरा अटॅक सोडून द्यायचा विचार करावा: व्हेक्स पुढच्या टर्नला न्यायचा, म्हणजे तिथे स्नीक अटॅकचा हक्क हातात असतो.

शॉर्टबो की लाइट क्रॉसबो, याचंही उत्तर आवृत्तीवर आहे. रॉगला एकच अटॅक असतो, त्यामुळे क्रॉसबोच्या 'लोडिंग'चा त्याला त्रास नाही. २०१४ मध्ये १डी८ वाला लाइट क्रॉसबो सरळ वरचढ. २०२४ मध्ये त्याची मास्टरी 'स्लो', शॉर्टबोची व्हेक्स. तिथे शॉर्टबो घ्यावा.

हात किती आहेत

हँड क्रॉसबो एका हाताने चालतो, पण बाण चढवायला दुसरा हात मोकळा लागतो. एका हातात क्रॉसबो, दुसऱ्यात डॅगर: पहिला बाण सुटतो, दुसरा चढत नाही. ढाल घेतलेल्या रॉगचंही तेच, आणि ढाल काढायला पूर्ण अ‍ॅक्शन लागते. वरच्या १९ एसीची किंमत ही: धनुष्य जवळजवळ विसरायचं, आणि कुलुपाशी बसताना ढाल उतरवायची का हे डीएमशी आधीच ठरवायचं.

२०१४ मध्ये टर्नमागे एकच वस्तू फुकट काढता येते. दोन डॅगर फेकायचे तर एक आधीपासून हातात हवा. दुसरा काढला, फेकला, की पुढच्या टर्नला पुन्हा एकच. 'माझ्याकडे पट्ट्यावर दहा डॅगर आहेत' हे चित्र नियमात बसत नाही. २०२४ मध्ये थ्रोन शस्त्र अटॅकचाच भाग म्हणून काढता येतं, आणि अटॅक अ‍ॅक्शनमधल्या प्रत्येक अटॅकबरोबर एक शस्त्र काढता किंवा ठेवता येतं. बाण मारून झाल्यावर हातात रेपिअर घेऊन ऑपॉर्च्युनिटी अटॅकची वाट बघणं तिथे बरंच सोपं आहे. २०१४ मध्ये धनुष्य जमिनीवर टाकून रेपिअर उपसायची, आणि मग ते धनुष्य उचलायचं लक्षात ठेवायचं.

कंदील किंवा मशाल हाही हात खाते, आणि उजेड धरणारा माणूस अंधारात लपू शकत नाही. मानवी रॉगने उजेड दुसऱ्याकडे द्यावा. हुडेड लँटर्नचं झाकण पाडायलाही २०१४ मध्ये अ‍ॅक्शन लागते.

थीफ, फास्ट हँड्स आणि पिशवीतल्या वस्तू

थीफ या रॉगच्या उपप्रकाराचं फास्ट हँड्स हे साहित्याच्या यादीला सर्वांत घट्ट बांधलेलं वैशिष्ट्य. बोनस अ‍ॅक्शनने थीव्ह्ज टूल्स (कुलपं उघडायची हत्यारं), किंवा 'वस्तू वापरणं' ही अ‍ॅक्शन. बॉल बेअरिंग्जची पिशवी, हजार गोळ्या, १ जीपी: दहा फुटांचा चौकोन, डीसी १० डेक्स सेव्ह, नाहीतर प्रोन (जमिनीवर आडवा). कॅल्ट्रॉप्स (जमिनीवर पसरायचे लोखंडी काटे), तेवढीच किंमत: पाच फुटांचा चौकोन, डीसी १५, नाहीतर थांबावं लागतं आणि १ डॅमेज. हीलर्स किट: पडलेल्या मित्राला स्थिर करून वर अटॅकही करता येतो. या स्वस्त वस्तू थीफच्या हातात इतर कोणाहीपेक्षा मोलाच्या आहेत, आणि बहुतेक थीफ त्या विकत घेतच नाहीत याचं मला वाईट वाटतं.

एक सावधगिरी: प्रोन झालेल्या शत्रूवर पाच फुटांतून अ‍ॅडव्हान्टेज, पण लांबून डिसअ‍ॅडव्हान्टेज. धनुष्य हातात धरून बॉल बेअरिंग्ज सांडणारा थीफ स्वतःचाच स्नीक अटॅक मारतो.

अ‍ॅल्केमिस्ट्स फायर (पेटतं द्रव भरलेली कुपी) २०१४ मध्ये 'अ‍ॅक्शन घेऊन फेकायची वस्तू' म्हणून फास्ट हँड्समध्ये बसते, पण ती इम्प्रोव्हाइज्ड शस्त्र धरली जात असल्याने तिच्यावर स्नीक अटॅक नाही. २०२४ मध्ये ती अटॅक अ‍ॅक्शनमधल्या एका अटॅकच्या जागी फेकतात, म्हणून फास्ट हँड्समधून बाहेर गेली. जादूच्या वस्तूंचं बरोब्बर उलट झालं. २०१४ मध्ये कांडी किंवा पोशन फास्ट हँड्सने चालवता येत नाही, तसं डीएमच्या पुस्तकात स्पष्ट लिहिलं आहे. २०२४ मध्ये मॅजिक अ‍ॅक्शनने चालणारी वस्तू फास्ट हँड्सने वापरता येते. तेराव्या लेव्हलला यूझ मॅजिक डिव्हाइसबरोबर चार वस्तूंशी अ‍ॅट्यूनमेंट (जादूची वस्तू स्वतःशी जुळवून घेणं) आणि कुठलाही स्क्रोल मिळाला की थीफची पिशवी हेच त्याचं मुख्य शस्त्र होतं.

सगळ्या रॉगसाठी २०२४ मध्ये आणखी एक वस्तू: पॉयझनर्स किट, ५० जीपी, २ पाउंड. पाचव्या लेव्हलच्या कनिंग स्ट्राइकमधला 'पॉयझन' पर्याय एक स्नीक अटॅक फासा सोडून शत्रूला पॉयझन्ड करतो, पण किट अंगावर असेल तरच. प्रोफिशिअन्सीची अट नाही, नुसतं जवळ हवं. सुरुवातीच्या साहित्यात ते येत नाही, त्यामुळे पाचवी लेव्हल गाठण्याआधी विकत घेऊन ठेवावं. कैदेत टाकून सामान काढून घेतलं की हा पर्यायही जातो. डीएमला हे ठाऊक असावं.

थीव्ह्ज टूल्सचं गणितही बदललं. २०१४ मध्ये एक्सपर्टीज टूल्सवर घेता येत होती. २०२४ मध्ये ती फक्त स्किलवर. पण टूल आणि संबंधित स्किल दोन्हींची प्रोफिशिअन्सी असेल तर चेकला अ‍ॅडव्हान्टेज. म्हणून कुलूप उघडायचं असेल तर स्लाइट ऑफ हँड घ्यायलाच हवं. सापळ्याची भीती असेल तर अर्केन ट्रिकस्टरचा मेज हँड (मंत्राने तयार केलेला हात) तीस फुटांवरून हीच टूल्स चालवतो.

वजन

२०१४ चा ऐच्छिक एन्कम्बरन्स नियम लावला की रॉगची फजिती पहिल्याच दिवशी होते. स्ट्रेंग्थच्या पाचपटीवर गेलात की वेग दहा फुटांनी कमी; दहापटीवर गेलात की वीस फुटांनी कमी आणि स्ट्रेंग्थ, डेक्स, कॉन्स्टिट्यूशनच्या सगळ्या रोलना डिसअ‍ॅडव्हान्टेज. स्ट्रेंग्थ ८ असलेल्या रॉगच्या मर्यादा ४० आणि ८० पाउंड. बर्गलर्स पॅक दोरासकट, पाणी भरून, साडेसत्तेचाळीस पाउंड होतो. म्हणजे नुसती पाठपिशवी उचलली तरी तीस फुटांचा वेग वीसवर. त्यात लेदर १०, रेपिअर २, शॉर्टबो २, बाणांसह भाता २, दोन डॅगर २, टूल्स १: एकूण साडेसहासष्ट.

चाळीसवर यायला साडेसव्वीस पाउंड उतरवायचे. दोर १०, पाच दिवसांचं अन्न १०, हातोडा ३, दहा पिटॉन अडीच, तेलाची एक कुपी १: नेमके साडेसव्वीस. हे सगळं दणकट मित्राकडे द्यायचं. हेम्पऐवजी सिल्कचा दोर घेतला तर पाच पाउंड वाचतात, १० जीपीत. लढाई सुरू होताच पिशवी खाली टाकायची सवयही चांगली, फक्त बॉल बेअरिंग्ज आणि टूल्स तिच्यात नसून पट्ट्यावर असल्याचं शीटवर लिहून ठेवा.

इतर नियमसंचांतून आलेल्यांसाठी

१९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत थीफचं चिलखत थेट टक्क्यांत मोजलं जायचं: बिनचिलखती असेल तर दबक्या पावलांना +१०, स्टडेड लेदर घातलं तर −२० आणि खिसा कापायला −३०. बॅकस्टॅब (पाठीत केलेला वार) शस्त्राच्या फाशाला दुप्पट ते पाचपट करायचा, त्यामुळे तिथे मोठा फासा खरोखर महत्त्वाचा होता. ती सवय पुढच्या आवृत्त्यांत उपयोगाची नाही.

२००३ च्या साडेतीन आवृत्तीत स्नीक अटॅकला शस्त्राची अटच नव्हती, ग्रेटअ‍ॅक्सही चालायची. पण रेंज्ड असेल तर तीस फुटांच्या आत, आणि अनडेड (मेलेले पण हिंडणारे), कन्स्ट्रक्ट (घडवलेले पुतळ्यासारखे) यांच्यावर शून्य. इव्हेजनला मात्र हलकं चिलखत किंवा काहीच नाही अशी अट होती. मिथ्रल ब्रेस्टप्लेट ४,२०० जीपीला एवढी लोकप्रिय झाली ती यामुळेच: मिथ्रलने ती एक पायरी हलकी धरली जाते, डेक्सची मर्यादा +३ वरून +५, चेक पेनल्टी −४ वरून −१, आणि इव्हेजन शाबूत. टूल्सशिवाय कुलूप उघडायला −२, मास्टरवर्क टूल्सना १०० जीपीत +२.

पाथफाइंडर या वेगळ्या खेळाच्या दुसऱ्या आवृत्तीत स्नीक अटॅक टर्नमागे एकदा नसून अट पुरी होणाऱ्या प्रत्येक फटक्याला मिळतो. मेली शस्त्र अ‍ॅजाइल किंवा फिनेस हवं. त्यामुळे अ‍ॅजाइल शस्त्राची दुसऱ्या-तिसऱ्या फटक्यातली घसरण, −५/−१० ऐवजी −४/−८, रॉगसाठी फाशाच्या आकाराहून मोठी ठरते. तिथे कुलुपांचं गणितही वेगळं आहे. सिंपल लॉक म्हणजे डीसी २० आणि तीन यश. पहिल्या लेव्हलचा +७ वाला रॉग दर प्रयत्नाला ४० टक्के यशस्वी होतो, पण १ ते ३ पडलं की क्रिटिकल फेल्युअर आणि टूल्स तुटतात, म्हणजे १५ टक्के वेळा. तीन यशांना सरासरी साधारण सात प्रयत्न लागतात आणि प्रत्येकाला दोन अ‍ॅक्शन. तेवढ्यात एकदा तरी पिक्स तुटणार असं धरूनच चालायचं. बदली पिक्स ३ चांदीच्या नाण्यांना मिळतात. पहिल्या खरेदीतच तीन संच घ्यावेत.